वस्तीची गाडी आणि तोतोरो : जपानी ॲनिमेशनपट बघताना तुमचं काय काय वर आलं?

कौलारू | १२ जुलै, रात्री ११:१०

चार दिवस झाले, पाऊस थांबायचं नाव घेत नाही. बेळगावचा पाऊस काय असतो ते इथल्या निम्म्या लोकांना मी सांगायला नको. असा लागून राहिला की आमची लेक 'माय नेबर तोतोरो' लावते. आज पुन्हा लावला. बरेच दिवस मनात होतं, म्हटलं आज धागा काढूनच टाकू.

२०२० च्या फेब्रुवारीपासून स्टुडिओ घिबलीचे सिनेमे नेटफ्लिक्सवर टप्प्याटप्प्यानं यायला लागले आणि मार्चात आपण सगळे घरात कोंडलो गेलो. टिळकवाडीतल्या दोन खोल्या, लेक चार वर्षांची. तिला तासभर एका जागी बसवायचं म्हणून लावून दिला आणि मी कांदा चिरायला बसलो. बसस्टॉपचा प्रसंग आला आणि मी सुरी खाली ठेवली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : हायाओ मियाझाकींचा १९८८ चा सिनेमा. सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी बाबांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, कारण आई तिथून जवळच्या हॉस्पिटलात आहे. घराशेजारच्या राईत एक अगडबंब, केसाळ, झोपाळू जीव राहतो, तोच तोतोरो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. खलनायक नाही, मारामारी नाही. आईला काय झालंय तेही सिनेमात कुणी सांगत नाही. (मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी मणक्याच्या क्षयानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती, हे मला नंतर कळलं.)

तर बसस्टॉप. बाबा छत्री न घेताच गेलेत. दोघी त्यांची छत्री घेऊन स्टॉपवर जाऊन उभ्या राहतात. एक बस येते, त्यात बाबा नसतात. अंधार पडतो. मेई पेंगायला लागते, सात्सुकी तिला पाठीवर घेते. बाजूनं एक बेडूक सावकाश चालत जातो. मग तोतोरो येतो, डोक्यावर एवढंसं पान ठेवून. तिथून पुढची गंमत सगळ्यांनाच आवडते. मी सुरी ठेवली ती त्याच्या आधीच्या दोन मिनिटांसाठी. त्यात काही म्हणजे काही होत नाही. नुसतं थांबणं.

१९८९ चा पावसाळा. आईच्या फुफ्फुसात पाणी झालेलं, ती बेळगावला हॉस्पिटलात. मी सहा वर्षांचा, आक्का अकरा. आम्हाला दोघांना आजोळी नेऊन ठेवलेलं, खानापूरच्या पुढं जांबोटीच्या पट्ट्यात. बाबा उद्यमबागेत लेथवर कामाला. आठवड्यातून दोनदा ते पाळी सुटली की हॉस्पिटलात जाऊन, आईला बघून, वस्तीच्या गाडीनं गावात यायचे. गाडी साडेआठला यायची, म्हणजे यायची असायची. कधी नऊ, कधी दहा, ओढ्याला पाणी आलं की नाहीच. फाट्यावर निवारा नव्हता. फणसाच्या झाडाखाली आम्ही दोघं, एक छत्री अंगावर आणि एक बाबांसाठी मिटलेली. आज्जीनं माझ्या डोक्यावर पोत्याची खोळ घातलेली, तिचा वास अजून नाकात आहे. ओल्या सुतळीचा आणि भाताच्या कोंड्याचा.

आधी उजेड दिसायचा. वळणावर झाडांच्या शेंड्यांवरून फिरायचा, मग इंजिनाचा आवाज. गाडीच्या कपाळावरची पाटी कन्नडमध्ये, आणि मला तेव्हा कन्नड वाचता येत नव्हतं. तरी तेवढी पाटी ओळखायची, जिलब्यांच्या ओळीसारखी. सिनेमात शेवटी ती बारा पायांची मांजरबस येते, तिची पाटी गर्रकन फिरते आणि तिच्यावर हॉस्पिटलचं नाव येतं. ते जपानी मला वाचता येत नाही. पण लेकीनं विचारायच्या आधीच मी म्हणालो, "हॉस्पिटल."

बाबा उतरायचे. त्यांच्या मागून ड्रायव्हर-कंडक्टर, एकाच्या काखेत वळकटी. ते देवळात झोपायचे, त्यांना आमटीभात आज्जीकडून जायचा.

आईला मी त्या चार महिन्यांत जवळून पाहिलंच नाही. लहान मुलांना वॉर्डात सोडत नव्हते. रविवारी बाबा आम्हाला घेऊन जायचे आणि आम्ही खाली गुलमोहराखाली उभे. ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीत यायची आणि पदराचं टोक हलवायची. सिनेमाच्या शेवटी दोघी बहिणी झाडाच्या फांदीवर बसून हॉस्पिटलच्या खिडकीतली आई लांबूनच बघतात, ती हसत असते, आणि खिडकीत मक्याचं कणीस ठेवून येतात. आमच्याकडं आठळ्या होत्या. आज्जीनं चुलीत भाजून फडक्यात बांधून दिलेल्या.

आई दिवाळीला घरी आली. आज एकदम ठणठणीत आहे, परवाच माझ्या वजनावरून बोलली.

तुमचं सांगा. सिनेमा चांगला का वाईट याची चर्चा इथं बरीच होते, ती नको. बघताना आपलं काय वर आलं तेवढंच.

खडेबाजार | १२ जुलै, रात्री ११:३२

वाचला. रात्रपाळीला आहे. इथं डोळे पुसायची सोय नाही.

मुक्काम_पोस्ट_पुणे | १३ जुलै, सकाळी ७:०५

आमच्याकडे हिला मुक्कामी गाडी म्हणतात. ड्रायव्हर देवळात झोपणं अगदी डिट्टो. एक शंका, सिनेमा जपानीतच बघायचा की इंग्रजीत?

कौलारू | १३ जुलै, सकाळी ७:४०

जपानीतच बघा, खाली वाचत. लेकीला वाचता येत नव्हतं तेव्हा मी तिला मराठीत सांगत बसायचो, म्हणून तिच्या मते तोतोरो बेळगावचं मराठी बोलतो.

जाता जाता : ही गोष्ट मुळात एकाच मुलीची होती, नंतर तिच्या दोघी झाल्या. पहिल्या पोस्टरवर स्टॉपवर एकटीच मुलगी उभी आहे, थोडी सात्सुकी थोडी मेई. दोघींच्या नावांचा अर्थही एकच, मे महिना.

मोगली_९३ | १३ जुलै, सकाळी ९:१५

अरे, आपण सगळे जपानी कार्टूनवरच वाढलोय की! तुम्हाला लॉकडाऊनमध्ये कळलं काय? दूरदर्शनवरचा रविवारचा मोगली कुठला वाटला? जपानचा. निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ मध्ये केलेला, बावन्न भाग. आपल्याकडं हिंदीत आला, शीर्षकगीत गुलजारांचं आणि शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. मी बरीच वर्षं त्याला भारतीयच समजत होतो. जंगल आपलं, वाघ आपला, नाना आपला. राहिलं काय?

वडगावात आमच्या गल्लीत एकाच घरात रंगीत टीव्ही. हातमागावर रविवारीसुद्धा खटखट चालायची, मोगलीच्या अर्ध्या तासात तेवढी बंद. माझा थोरला भाऊ कौलांवर अँटेना धरून उभारलेला, खालनं आम्ही ओरडायलोय, "आलं आलं... गेलं!" त्यानं एक भागसुद्धा बघितला नाही. सगळा मोगली त्यानं कौलांवरनं ऐकला. आज दुबईत आहे. हा धागा त्याला पाठवलाय, बघू काय म्हणतोय.

अवांतर : मराठी शाळा, मास्तर कन्नड विषयाला छडी घेऊन, टीव्ही हिंदीत, चित्रं जपानी. आणि लोक विचारतात, बेळगावच्या माणसाची भाषा अशी कशी.

मधला_सूर | १३ जुलै, दुपारी २:२०

कौलारू, 'काही म्हणजे काही होत नाही' यावर. मियाझाकींना अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या रिकाम्या जागांबद्दल विचारलं होतं. त्यांनी उत्तरादाखल टाळ्या वाजवून दाखवल्या आणि सांगितलं, दोन टाळ्यांच्या मधली जागा म्हणजे 'मा'.

कुमार गंधर्वांचा जन्म ज्या सुळेभावीचा, त्याच्या शेजारच्या गावात मी वाढलो, त्यामुळं गाणं येवो न येवो, गाण्यावर बोलायचा हक्क आम्ही जन्मजात मानतो. तीनतालात नवव्या मात्रेला आपण टाळी देत नाही, हात नुसता बाजूला नेतो. तिला खाली म्हणतो. आमचे गुरुजी खाली चुकली की टाळी चुकल्यापेक्षा जास्त चिडायचे. तुमचा बेडूक त्या 'खाली'वर चालतोय.

कुसुबी | १३ जुलै, रात्री १०:५०

मी अथणीकडचा. आमच्याकडं पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट, त्यामुळं छत्र्यांच्या आठवणी माझ्याकडं नाहीत. करडईची आहे. (कन्नडात कुसुबी, म्हणून हे नाव.)

इसाओ ताकाहाता हे घिबलीचे दुसरे मोठे दिग्दर्शक. त्यांचा 'ओन्ली यस्टर्डे', १९९१ चा. ताएको ही सत्तावीस वर्षांची, टोकियोत नोकरी करणारी मुलगी सुट्टी काढून यामागाताला नात्यातल्या लोकांच्या शेतावर जाते, करडईची फुलं तोडायला. सोबत तिची पाचवीतली आठवण चालत राहते, १९६६ सालची. अननसाचा प्रसंग तर लाजवाब आहे. घरात पहिल्यांदाच अननस येतो आणि कापायचा कसा हे कुणालाच माहीत नसतं, तो तसाच ठेवून देतात. शेवटी कापतात, खातात, आणि सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

पण मी अडकलो फुलांपाशी. तिथं ती पहाटे तोडतात, दव असतं तोवर, कारण दवानं काटे मऊ पडतात. मी पडद्याशी बोलायला लागलो, "हो की! हो की!" आमच्याकडं सुगीला आई पहाटे चारला उठायची ते याचसाठी. पायाला पोतं गुंडाळलेलं, हाताला जुन्या लुगड्याची चिंधी, एका हातात बेचकं आणि दुसऱ्यात विळा. बेचक्यानं झाड दाबून धरायचं आणि बुडात विळा मारायचा. ऊन चढलं की काटे ताठ होतात, मग करडईच्या वावरात बैलसुद्धा जाईना. न्याहारीला ती बांधावर बसायची आणि दातानं तळहातातला काटा काढायची. मी भाकरी खात बघायचो.

आम्ही तेलासाठी लावतो. फुलं तशीच वाळून जातात, त्यांच्याकडं कुणी बघत नाही. जपानात त्या पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्यात धुऊन काढतात आणि मागं राहतो तो लाल, ओठांना लावायचा. ताएको एक जुनी कथा सांगते. फुलं तोडणाऱ्या पोरींच्या हातमोज्याविना बोटांतून रक्त यायचं, त्यानं म्हणे रंग आणखी गडद व्हायचा. आणि त्या पोरींना तो रंग कधी ओठाला लावायला मिळाला नाही. आईच्या पिशवीत लिपस्टिक कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

आता मुद्द्याचं. ताएकोला खेडं फार आवडतं. मग तिथली आज्जी तिला सरळ विचारते, इथंच सून होऊन ये की. आणि ती घाबरून पावसात घराबाहेर पळते, कारण तिला कळतं की आपलं खेड्याचं प्रेम वरवरचं आहे. मी आठ वर्षं बंगळुरात आहे. सुट्टीला गेलो की अर्धा तास करडई काढतो, फोटो काढतो, टाकतो. दोनशे लाइक्स. हातात लेदरचे ग्लोव्हज. आई बांधावरनं बघत असते, काही बोलत नाही.

यंदा आम्ही करडई केली नाही. माणूस मिळत नाही काढणीला. हरभरा केला.

खडेबाजार | १३ जुलै, रात्री ११:१९

कुसुबी, तो ग्लोव्हजचा फोटो मीच लाइक केलेला असणार. माफी असावी.

तिसरं_गेट | १४ जुलै, सकाळी १०:०२

'स्पिरिटेड अवे' कुणीच कसा काढला नाही? २००१ चा, ऑस्करवाला. चिहिरो नावाची मुलगी भुताखेतांच्या स्नानगृहात कामाला लागते. तिथली मालकीण युबाबा करारावरच्या तिच्या नावातली अक्षरं हातानं उचलून घेते आणि एकच मागं ठेवते. चिहिरोची 'सेन' होते. तिथलाच एक मुलगा, हाकू, तिला बजावतो, खरं नाव विसरलीस तर घरी जाता येणार नाही. तो स्वतःचं विसरलेला असतो.

आमच्या आज्जीचं रेशनकार्ड. घरात, शेजारात, देवळातल्या देणगीच्या फळीवर तिचं नाव 'बाई'नं संपणारं. कार्डावर 'बाई' गेली आणि 'व्वा' आला. कन्नडात बायकांच्या नावाला लागतो तो. काउंटरवर नवं नाव पुकारायचे, आज्जी बसून राहायची. मी ढोसायचो, "आज्जी, तू!" एकदा-दोनदा साखर गेली तशी. मग तिला सवय झाली. मग ती त्या नावानं ओ द्यायला लागली. मग गंमत म्हणजे तिला ते आवडायला लागलं. बाजारात शेंगा विकणाऱ्या अव्वाबरोबर दोघी एकमेकींना 'व्वा' लावून हाका मारायच्या आणि हसायच्या.

वडील मात्र शेवटपर्यंत ते दुरुस्त करून घ्यायला खेटे घालत राहिले. मला वाटायचं आज्जीच्या वतीनं मीही चिडायला हवं. सिनेमात कपड्यांच्या गाठोड्यात मैत्रिणीनं दिलेलं कार्ड सापडतं, त्यावर स्वतःचं नाव वाचून चिहिरो घाबरते. किती पटकन विसरले! त्या ठिकाणी मला आज्जी नाही आठवली, वडील आठवले. कागदांची ती निळी फाइल काखेत धरलेले.

गावाचंही तेच की. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी बेलगामचं बेळगावी झालं. आमच्या घरात त्याआधी कुणी बेलगाम म्हणत नव्हतं आणि त्यानंतर कुणी बेळगावी

संपादक | १४ जुलै, सकाळी १०:४०

वरील प्रतिसादाचा शेवटचा भाग आणि त्याखालचे अकरा प्रतिसाद काढले आहेत. सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागे आहेत. कृपया या धाग्याचा काश्मीर करू नये.

तिसरं_गेट | १४ जुलै, सकाळी १०:४४

मान्य. वाक्य अर्धंच छान दिसतंय, राहू दे.

संकेश्वरी_मिरची | १४ जुलै, दुपारी ४:३०

त्याच सिनेमातली रेल्वे. पाऊस पडून सगळीकडं घोटाभर पाणी झालंय, रूळ पाण्याखाली, आणि त्यावरनं दोन डब्यांची गाडी चाललीय. आत सावल्यांसारखी माणसं. एका स्टेशनावर ती उतरतात. स्टेशन म्हणजे पाण्यात उभा एक फलाट, बस. कुणी बोलत नाही.

हिडकल धरण माहीत आहे ना? घटप्रभेवरचं, आमच्या हुक्केरी तालुक्यातलं. त्याच्या पाण्यात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आहे. एरवी बुडालेलं असतं, कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. मग लोक जातात दर्शनाला, हल्ली रील करायलाही जातात.

माझी आज्जी बुडालेल्या पट्ट्यातली. मी सातवीत असताना एकदा पाणी बरंच खाली गेलं, तर तिनं मला बरोबर घेतलं. चिखल वाळून त्याच्या भाकरीएवढ्या खपल्या झालेल्या, पायाखाली करकर वाजायच्या. तिथं बघायला काहीच नव्हतं. दगडांच्या ओळी. आज्जी चपला काढून चालायला लागली. मी म्हटलं चटका बसेल. म्हणाली, "घरात चपला घालून कोण जातंय?" मग एका ठिकाणी थांबली. "हितं उंबरा. हितं जातं. ह्यो सोपा." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू न्हाणीत उभारलाईस."

हाकू म्हणजे एक नदी, जी बुजवून वर इमारती बांधल्या, म्हणून त्याला घरी परतायची वाट नाही. आज्जीच्या बाबतीत उलटं. तिचं घर नदीनं घेतलं. पण नदीवर ती कधी चिडल्याचं आठवत नाही. येताना ओंजळभर पाणी तोंडावर मारलं तिनं.

आता 'ती रेल्वे कुठं जाते' यावर लांबलचक व्हिडिओ करणाऱ्या लोकांचा मला राग येतो. जाऊ दे की कुठंही.

ओताकू_अनगोळ | १४ जुलै, रात्री ८:१५

सगळे काका-मामा लोक घिबलीवरच थांबलेत. मी तेवीसचा. मोगली मला माहीत नाही, आम्ही डोरेमॉन आणि शिनचॅनवाले, हिंदीत. घरी शिनचॅन बंद करायची कारणं सगळ्यांना माहीत आहेत.

माकोतो शिनकाईंचा 'सुझुमे' २१ एप्रिल २०२३ ला भारतात लागला, आम्ही चौघं रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाऊन बघून आलो. त्यात ओसाड जागांमधली दारं बंद करावी लागतात. पण नुसतं कुलूप लावून चालत नाही. तिथं पूर्वी जी माणसं होती त्यांचे आवाज मनात आणावे लागतात, तेव्हा कुठं भोक दिसतं किल्लीचं. संकेश्वरी मिरची, तुमची आज्जी तेच करत होती. हे लिहायलाच लॉगिन केलं.

आणि घरच्या ग्रुपवर सगळ्यांचे एआयनं केलेले घिबली फोटो टाकणं बंद करा, प्लीज. मामानं म्हशीचाही केलाय.

मोगली_९३ | १४ जुलै, रात्री ८:३१

म्हशीचा इकडं टाक.

मांडेवाली_काकू | १५ जुलै, सकाळी ११:२५

माझा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', १९८९ चा. किकी तेरा वर्षांची चेटकीण, झाडूवर बसून लोकांची पार्सलं पोचवते. एक आजी नातीच्या वाढदिवसाला माशाचं पाय पाठवणार असते, पण विजेची भट्टी तापतच नाही. किकी तिथलं जुनं लाकडाचं चूलाण पेटवून देते, वेळ जातो, आणि भर पावसात ती ते पोचवते. दार उघडते ती नात. तोंड वाकडं करून म्हणते, आजीचा हा पदार्थ मला मुळीच आवडत नाही. दार बंद.

आमच्या सासूबाई मांडे करायच्या. कणीक-मैदा भिजवून, पिठीसाखर-खसखशीचं सारण भरून, दोन्ही हातांवर रुमालासारखा मोठा करत उलट्या खापरावर टाकायचा. ऐन उकळत्या उन्हाळ्यात, सत्तरी उलटलेली. मी म्हणायची, विकत आणू शहापुरातून. "नको, मी करतो की," म्हणायच्या. (आमच्याकडं बायकाही 'करतो'च म्हणतात, पुणेकरांनी हसू नये.) साडीच्या खोक्यात पंचा अंथरून, मांडे घालून, सुतळी बांधून ते खोकं रात्रीच्या बंगळूर गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायचं. "आडवं ठेवा हं, अण्णा." सकाळी नातीचा फोन. "आज्जी, सगळे तुटलेत. आणि मला ते खूप गोड होतं. मम्मीनं सांगितलं म्हणून थँक्यू." फोन स्पीकरवर होता.

सासूबाई म्हणाल्या, "तुटायचेच ते." आणि खोकं परत पाठवायला सांग म्हणाल्या, चांगलं होतं म्हणून.

मला सिनेमातल्या त्या नातीचा राग यायला हवा होता. पण मला आठवलं ते धारवाडचं होस्टेल. माझ्या आईकडून यायचा कुंद्याचा डबा, आणि मी तो आल्या दिवशी खोलीतल्या मुलींना वाटून धुऊन टाकायची. कपाट उघडलं की त्याचा घरचा वास यायचा, आणि परीक्षा दोन महिने लांब.

कुणाला मांडे जमत असतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझे अजून खापरावर फाटतात.

मुक्काम_पोस्ट_पुणे | १५ जुलै, दुपारी १२:१०

हसलो नाही. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'बद्दल कुणी लिहिणार आहे का?

खडेबाजार | १५ जुलै, दुपारी १२:५८

मी नाही. एकदा बघितला, पुरे. एवढंच सांगतो, ताकाहातांचा तो युद्धात पोरक्या झालेल्या भावंडांचा सिनेमा आणि तोतोरो जपानात एकाच दिवशी, एकाच तिकिटात जोडीनं लागले होते, १६ एप्रिल १९८८ ला. पोरांना घेऊन गेलेल्या आईबापांचं काय झालं असेल. आमच्या घरी त्या सिनेमातल्यासारखा गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात आता सुया-दोरे असतात. सिनेमा बघितल्यापासून तो हलवून बघायचा मी बंद केलाय.

मलप्रभा_काठ | १५ जुलै, रात्री ९:४०

मी इथली सदस्य नव्हते, हे लिहायला आज झाले. वैनीनं लिंक पाठवली. कौलारू म्हणजे आमचा धाकटा.

चांगलं लिहिलंयस. काही गोष्टी चुकल्यात.

तो गुलमोहर नव्हता. शिरीष होता. त्याच्या वाळक्या शेंगा तू खुळखुळवायचास आणि वॉचमन ओरडायचा.

बाबांकडं छत्री होती, लांब दांड्याची काळी. आपण दुसरी छत्री घेऊन फाट्यावर जायचो ते तू घरात थांबत नव्हतास म्हणून. आज्जीनं तुला सांगितलं होतं, बाबांची छत्री राहिलीय, तू नेऊन दे. बाबा दर वेळी गाडीतनं उतरताना आपली छत्री पिशवीत लपवायचे आणि तुझ्या हातातली घ्यायचे. ती पिशवीबाहेर एवढी दिसायची. तुला दिसली नाही.

आणि मुलांना वॉर्डात सोडत नव्हते हे खरं, पण एक सिस्टर होत्या, त्या मागच्या जिन्यानं गुपचूप सोडायच्या. मी आत गेले, तीनदा. पहिल्या वेळी तूही आलास. आईचे केस कापलेले होते आणि ती बारीक झाली होती. तू दारातनंच मागं फिरलास आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसलास. नंतर यायलाच तयार नाही. मग आईच म्हणाली, राहू दे, मी खिडकीत येते. पदर डोक्यावरनं घेऊन यायची, केस दिसू नयेत म्हणून.

आठळ्या मी आत नेल्या. तिला चावायला जमत नव्हतं. तिनं सगळ्या सोलल्या आणि फडक्यात बांधून परत दिल्या, "त्याला दे." त्या तू गाडीत खाल्ल्यास.

आत्ता आईला फोन करून विचारून घेतलं, मी काही वाढवून सांगत नाही ना म्हणून. शिरीषच होता म्हणाली.

तोतोरो मीही बघितलाय. सात्सुकीला सगळे शहाणी म्हणतात. मग हॉस्पिटलची तार येते आणि शेजारच्या आज्जीपुढं ती एकदम रडायला लागते. तिथं मी टीव्ही बंद केला आणि भांडी घासली. पुढचा दुसऱ्या दिवशी बघितला.

कौलारू | १५ जुलै, रात्री १०:३५

आक्का, तो जिना कुठल्या बाजूला होता?

मलप्रभा_काठ | १५ जुलै, रात्री १०:३७

मागं. कपडे धुवायच्या दगडापाशी. आणि फोन उचल की, तीनदा केला मघापासून.